घटनास्थळ नियंत्रण पद्धती
आग, इमारत कोसळणे, वायुगळती अशा प्रसंगी जवान, गाड्या व साहित्य एकाच अधिकाऱ्याच्या हुकमाखाली आणणारी व्यवस्था. १९७० साली दक्षिण कॅलिफोर्नियात १३ दिवस वणवे पेटले; १६ जण दगावले. मदतीला धावलेल्या दलांचे रेडिओ जुळेनात, एकाच गोष्टीला प्रत्येकाचा शब्द वेगळा, आणि हुकूम कोणाचा मानायचा हेही ठरलेले नव्हते. त्या गोंधळातून ‘फायरस्कोप’ प्रकल्प निघाला व ही पद्धत घडली.

घटनास्थळी प्रथम पोहोचलेला अधिकारी, हुद्दा लहान असला तरी, सूत्रे हाती घेतो. वरिष्ठाने परिस्थिती समजून घेतल्याशिवाय ती त्याच्याकडे जात नाहीत. एका प्रमुखाच्या हाताखाली ३ ते ७ माणसे, शक्यतो ५.

आत गेलेल्यांवर लक्ष ठेवणे हाही नियंत्रणाचाच भाग. ब्रिटिश अग्निशमन दलांत श्वसनयंत्र लावून धुरात शिरणाऱ्या जवानाचा बिल्ला प्रवेशाजवळच्या फळ्यावर लागतो. त्यावर नाव, सिलिंडरमधील दाब व आत शिरल्याची वेळ असते. हवा कधी संपेल याचा हिशेब बाहेरचा नियंत्रक त्यावरून मांडतो. काम कारकुनी दिसते, पण आतल्याचा जीव त्यावरच असतो.

भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये कॅलिफोर्नियातील पद्धतीच्या धर्तीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार जिल्ह्यात ही पद्धत राबवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असते.