अस्सल इटलीची, मुक्काम इंदापूर

आमचा भाचा बारामतीला नोकरीस आहे. गेल्या फाल्गुनात तो घरी आला आणि पायातल्या वहाणाही न काढता म्हणाला, "मामा, इंदापुरात एक स्पोर्ट्स मोटार विकायला आहे. जुनी, पण अस्सल इटलीची. तुम्ही चलाच." मी पडलो मास्तर, मोटारींशी माझा संबंध एस.टी.पुरता. पण घरासाठी साठवलेले पैसे तो त्या मोटारीत घालणार होता, आणि इतिहास शिकवणाऱ्या माणसाला 'अस्सल' हा शब्द ऐकला की स्वस्थ बसवत नाही. बारामतीचा एक म्हातारा मिस्त्री बरोबर घेतला, आणि सणसर, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी करीत आम्ही इंदापूर गाठले.

मोटार लालभडक होती. टप नाही, मागची दोन दारे पत्रा झाळून बंद केलेली. वडिलांनी १९६९ साली बोटीने इटलीहून आणवली, असे मालक मोठ्या अभिमानाने सांगत होते. मिस्त्रीने एक अक्षर न बोलता चासीवरच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, मग इंजिनावर. दोन्ही आकडे आर. सी. बुकाशी ताडले. चासीचा जुळला, इंजिनाचा जुळला नाही. पाटीवर मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे नाव होते. "गुरुजी, ही कुर्ल्याची फियाट हाय. टप कापलाय नुसता."

खरे तर बोटीची गोष्ट ऐकतानाच मला शंका यायला हवी होती. तयार मोटारींच्या आयातीला सरकारने १९४९ सालीच पायबंद घातला होता. १९५३ साली तर, जे मोटारीचे भाग इथे बनवणार नाहीत त्यांनी नुसती जुळणी करीत बसू नये, असे धोरण ठरले, आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी इथला गाशा गुंडाळला. राहिलेल्यांत प्रीमियर ही एक. तिचे मूळ आमच्याच वाटेवर होते. जंक्शनहून आत गेले की वालचंदनगर लागते. तिथला साखर कारखाना काढणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद १९३९ साली मोटारीच्या कारखान्याच्या खटपटीत अमेरिकेस जाऊन आले होते. इंग्रज सरकारने साथ दिली नाही. तरी १९४४ साली त्यांनी प्रीमियर काढलीच. १९४७ पासून कुर्ल्यात आधी क्रायस्लरच्या आणि १९५१ पासून फियाटच्या मोटारी जुळू लागल्या. पुढची दारे उलटी उघडणारी ती 'डुक्कर फियाट' मात्र वालचंदांना पाहायला मिळाली नाही. ते १९५३ साली गेले, ती त्यानंतर आली.

मालकाच्या बोलण्यात एक धागा खरा होता, हेही सांगितले पाहिजे. युद्धानंतर इटलीत 'चिसितालिया' नावाच्या देखण्या स्पोर्ट्स मोटारी निघाल्या; त्यांतली एक न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. तिचे इंजिन फियाट ११०० चेच, १०८९ सी.सी.चे, जोर वाढवलेले. म्हणजे आपल्या टॅक्सीचे आणि त्या सुंदरीचे घराणे एक. पण घराणे एक म्हणून टप कापल्याने टॅक्सीची चिसितालिया होत नाही. उलट या फियाटला खाली वेगळा सांगाडा नसतो. बॉडी हीच तिची हाडे. टप गेला की मोटार मधे वाकू लागते. मिस्त्रीने दार लावून दाखवले, ते खालून दोन बोटे वर राहिले.

आता इंजिनाचे. १९६४ सालची 'डिलाइट', पुढची 'प्रेसिडेंट' आणि 'पद्मिनी' या एकाच मुशीतल्या. विसावे शतक संपेपर्यंत तोच साचा चालला. त्यामुळे एकीचा भाग दुसरीला सहज बसतो. मोटार चालू ठेवायला ही मोठी सोय आणि अस्सलपणा तपासायला तेवढीच मोठी पंचाईत. या मोटारीत नंतरच्या पद्मिनीचे इंजिन आणि पुढची जाळी होती, असा मिस्त्रीचा निर्वाळा. सुटे भाग मिळत आले ते मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींच्या जोरावर. हजारो टॅक्सी झिजत होत्या म्हणून दुकानदार माल ठेवीत होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही वीस वर्षांची मुदत संपली. आता कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात जे सापडेल ते. जिथे मोटार जन्मली तिथेच तिची हाडे विकली जातात. मिस्त्री म्हणाला, पिस्टन, ब्रेकचे रबर मिळेल. काचा आणि बाहेरचा पत्रा शोधता शोधता चपला झिजतील.

कायद्याचीही अडचण होतीच. २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी मोटारीला 'व्हीए' अक्षरांचा मानाचा नंबर मिळतो, २०,००० रुपये भरून, दहा वर्षांसाठी. पण बॉडी, चासी, इंजिन मुळातले हवे. इथे तिघांपैकी दोघांची वाट लागलेली.

भाच्याचे तोंड उतरले होते. तरी त्याने मालकांना विचारले, "काका, कापलेला टप कुठे आहे?" ते जरा घुटमळले, मग आम्हाला गोठ्यामागे घेऊन गेले. टप तिथे कोंबड्यांच्या खुराड्यावर उपडा घातलेला होता. मिस्त्रीने त्यावर बोटाने टिचकी मारली, गंज खरवडून पाहिला आणि दिवसभरात पहिल्यांदाच हसला. "हा मात्र अस्सल हाय, गुरुजी."