सूर्याआधीच्या अंधारात

वर बघू नका, वर काही नाही. खालीही नाही. तुम्ही सूर्याच्या जन्माच्या काही लाख वर्षं आधी आला आहात, आजपासून साधारण ४६० कोटी वर्षं मागे. ‘वर्ष’ हा शब्दही इथे उसनाच, कारण जिच्या फेरीवरून ते मोजायचं ती पृथ्वी अजून व्हायची आहे.

तुमच्याभोवती आहे तो मेघ. नाव मेघ, पण पावसाशी संबंध नाही. घनसेंटिमीटरमागे हायड्रोजनचे दहा-वीस हजार रेणू, आणि धूळ. ही धूळच आसपासच्या ताऱ्यांचा प्रकाश आत येऊ देत नाही. तापमान १० केल्विन, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सियस.

आता लहान व्हा. इतके, की मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या धूलिकणावर बसता येईल. त्याचा गाभा सिलिकेटचा, वर बर्फाचा लेप. या बर्फात पाणी आहे, तसंच कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, अमोनिया आणि मिथेनॉलही आहे. दिवसाकाठी एखादा हायड्रोजनचा अणू येऊन चिकटतो आणि पृष्ठभागावर भटकतो. तो इतका हलका आहे, की एवढ्या थंडीतही त्याचे पाय चालतात. इथलं मिथेनॉल अशाच भटक्यांनी कार्बन मोनॉक्साइडला एकेक करून चिकटून बनवलेलं आहे.

बाकीचे रेणू जागच्या जागी गोठलेले. रसायनशाळेत आपण अशा वेळी सरळ बर्नर पेटवतो. इथे उष्णता आणायची कुठून?

थांबा. बरीच वर्षं थांबा. एखाद्या दशकाने म्हणा, शतकाने म्हणा, एक विश्वकिरण, म्हणजे इथे एक प्रोटॉन, येतो, बहुधा कुठल्यातरी ताऱ्याच्या स्फोटाने पिटाळलेला. तुमच्या कणातून तो आरपार जातो आणि त्याच्या वेगात दखल घेण्याजोगा फरकही पडत नाही. कॅरमचा स्ट्रायकर बोर्डाबाहेर उडून गेला तरी सोंगट्या एकमेकींवर आपटत राहतात, तसं काहीसं मागे घडतं. बर्फातल्या रेणूतून एखाद-दुसरा इलेक्ट्रॉन सुटतो. येणारा प्रोटॉन जरा संथ असेल, तर असे इलेक्ट्रॉन डझनावारी सुटतात.

प्रोटॉनला जाऊ द्या. नाव त्याचं होतं, काम मात्र या इलेक्ट्रॉनांचं आहे. यांतल्या बहुतेकांची ऊर्जा २० इलेक्ट्रॉनव्होल्टहून कमी. एकाच्या मागे जा. धडकत धडकत तो मंद होतो, इतका की समोरच्या रेणूतून दुसरा इलेक्ट्रॉन उडवायची ताकदही त्याच्यात उरत नाही. तरी तो निरुपद्रवी झालेला नाही. मिथेनॉलचा रेणू त्याला क्षणभर पकडतो, ऋणभारित होतो, आणि हा जादा पाहुणा न सोसून तुटतो. रेणूच्या ज्या अवस्थांपर्यंत पोचायला प्रकाशकणाला पुंजभौतिकीचे नियम जवळजवळ मज्जाव करतात, तिथेही इलेक्ट्रॉन शिरतो, कारण रेणूतल्या एखाद्या इलेक्ट्रॉनची जागा तो स्वतः घेऊ शकतो.

तुटलेला हायड्रोजन निघून जातो. मोठा तुकडा, एक फ्री रॅडिकल, हात मोकळे असूनही जागेवरच थिजतो. नशिबाने शेजारी तसलाच तुकडा असेल तर दोघे जुळतात आणि इथिलीन ग्लायकॉल तयार होतं. आपण गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतो ते कूलंट. शेजारी कुणी नसेल तर वाट बघायची, लाख वर्षंसुद्धा.

इथे कुणी म्हणेल, श्रेय अतिनील प्रकाशाला का नको? ताऱ्यांचा प्रकाश अडला तरी मेघाच्या आत अंधूक अतिनील प्रकाश असतो, हे १९८३ मध्ये प्रसाद आणि मुंबईच्या टीआयएफआरचे तरफदार यांनी दाखवून दिलं. पण त्यांचा युक्तिवाद नीट पाहिला तर गंमत दिसते. विश्वकिरणांनी सोडवलेले इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या रेणूंना उत्तेजित करतात आणि ते रेणू तो प्रकाश टाकतात. म्हणजे दिवाही इलेक्ट्रॉननेच लावलेला. माझं मत विचाराल तर या भांडणात इलेक्ट्रॉनचं पारडं जड आहे.

आता काटा भरभर पुढे फिरवा. मेघ आकसतो, मध्ये सूर्य पेटू लागतो. बर्फ ३०-४० केल्विनपर्यंत येताच थिजलेले तुकडे सरकू लागतात, एकमेकांना सापडतात. १०० केल्विनच्या पुढे लेपच उडून जातो. पण तुमचा कण दूर, थंडीत राहिला, म्हणून तो एका धूमकेतूचा भाग झाला.

ऑगस्ट २०१४. युरोपचं रोझेटा यान ६७पी धूमकेतूपाशी पोचतं. त्यावरचं रोझिना उपकरण भोवतीचा वायू हुंगतं आणि २०१६ मध्ये जाहीर होतं, की त्यात ग्लायसीन आहे, प्रथिनांमधलं सर्वांत साधं अमिनो आम्ल.

ते इलेक्ट्रॉनने बनवलं का? पुढच्या थांब्यावर उतरा: कॅनडातलं शेरब्रुक, २०१८. निर्वातात गोठवलेलं कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि अमोनिया, त्यावर ७० इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच्या इलेक्ट्रॉनांचा मारा, आणि ग्लायसीन मिळालं. इथेच परत फिरलात तर निकाल तुमच्या मनासारखा. पण आणखी दोन वर्षं पुढे जा. २०२० मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं, की किरणोत्साराशिवायही, केवळ त्या भटक्या अणूंच्या जोरावर, अशा बर्फात ग्लायसीन बनतं. दोन्ही वाटा चालू आहेत, आणि धूमकेतूवरचा रेणू कुठल्या वाटेने आला हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं.