प्रायश्चित्त कीं चिकित्सा? – ख्रिस्ती मठांतील जुनीं प्रायश्चित्तपुस्तकें

धर्मशास्त्राच्या पोथ्या चाळणाऱ्यास प्रायश्चित्तप्रकरण नवें नाहीं. आचार, व्यवहार व प्रायश्चित्त हे याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय सर्वश्रुतच आहेत. परंतु याच जातीचें वाङ्मय यूरोपांतील ख्रिस्ती मठांतहि एके काळीं विपुल निर्माण झालें, त्याचा मोठा भाग कामविकार व ब्रह्मचर्य यांविषयीं आहे, आणि तें आपणांस दंडाचें नव्हे तर औषधाचें शास्त्र म्हणवितें, ही गोष्ट आमच्याकडील संग्राहकांस फारशी परिचित नाहीं. ही औषधाची भाषा केवळ अलंकार नसून तिनें धर्मसंघाचा प्रत्यक्ष आचार बदलला, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

पहिल्या कांहीं शतकांत मूर्तिपूजा, मनुष्यवध व व्यभिचार यांसारख्या महापातकांस बिशपापुढें, सर्व मंडळीच्या देखत प्रायश्चित्त घ्यावें लागे, आणि तें जन्मांत एकदांच मिळे. पुन्हां पतन झाल्यास दुसरी वाट नव्हती. स्पेनांतील एल्विरा येथें इ. स. ३०५ च्या सुमारास भरलेल्या धर्मसभेच्या नांवावर जे नियम चालत आले आहेत, त्यांतील पुष्कळसे विवाह व कामाचार यांविषयींच आहेत. कांहीं अपराधांस तर मरणकाळींहि प्रसाद देऊं नये, असा निर्बंध त्यांत आढळतो. याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. पुष्कळ लोक प्रायश्चित्त वार्धक्यापर्यंत किंवा मृत्युशय्येपर्यंत लांबणीवर टाकूं लागले.

सहाव्या शतकांत आयर्लंडांतील मठांतून निराळाच प्रघात पडला. पातक्यानें एकांतांत एका गुरूपाशीं उच्चार करावा, त्यानें अपराधाच्या व अपराध्याच्या मानानें व्रत नेमून द्यावें, आणि पुन्हां पतन झाल्यास पुन्हां यावें. गुरूच्या सोयीसाठीं ज्या लहान पुस्तिका तयार झाल्या, त्यांस आम्ही प्रायश्चित्तपुस्तकें म्हणतों. फिनियन, कोलंबानस (मृत्यु इ. स. ६१५, इटलींतील बोब्बिओ मठांत) व सातव्या शतकांतील कमियन हे त्यांचे प्रमुख कर्ते होत. कोलंबानस स्पष्ट सांगतो कीं, शरीराचे वैद्य व्रणास एक, ज्वरास एक व अस्थिभंगास एक असें निरनिराळें औषध योजतात. आत्म्याच्या वैद्यानेंहि तसेंच करावें. कॅसियननें आठ मूलदोषांची परंपरा लॅटिनांत आणली होती. ती या मंडळींनीं स्वीकारली व प्रत्येक दोषास त्याच्या विरुद्ध गुणाचें औषध सांगितलें. अतिभोजनास उपवास, आळसास श्रम, कामास संयम. आयुर्वेदांतील विपरीतगुण द्रव्यांच्या उपचाराचें तत्त्व ज्यास ठाऊक आहे, त्यास ही विचारसरणी परकी वाटणार नाहीं.

कमियनच्या पुस्तकाचें दुसरें प्रकरण कामविकाराचें आहे. बिशपाकडून व्यभिचार घडल्यास पदच्युति व बारा वर्षांचें प्रायश्चित्त. गृहस्थानें शेजाऱ्याच्या स्त्रीस भ्रष्ट केल्यास एक वर्ष मोजकी भाकरी व पाणी, आणि तितके दिवस स्वस्त्रीचाहि त्याग. अधिकार जितका मोठा तितकें व्रत कडक, हें सूत्र येथें उघड दिसतें. बारा वर्षांचा आंकडा पाहून आमच्या द्वादशाब्द व्रताची आठवण होते, तथापि तेवढ्यावरून उभयतांचा संबंध जोडणें धाडसाचें होईल. विवाहितांसहि नियम होतेच. वर्षांतील तीन चाळीस-दिवसीय उपवासकाळ, शनिवार, रविवार व आठवड्याचे आणखी दोन नेमलेले दिवस, तसेंच गर्भधारणेनंतर व रजोदर्शनांत पतिपत्नींनीं संयम पाळावा. स्मृतींतील पर्वकालाचे निषेध याच वळणाचे आहेत.

साम्यें इतक्यावरच संपत नाहींत. कठीण व्रताऐवजीं लहान पण तीव्र व्रत घेण्याची सोय आयर्लंडांत होती. आमच्याकडे कृच्छ्राच्या ऐवजीं गोदानादि प्रत्याम्नाय सांगितले आहेत. ऐंशीं वर्षांवरील वृद्ध, सोळा वर्षांखालील बालक, स्त्रिया व रोगी यांस अर्धें प्रायश्चित्त, हा निबंधकारांचा नियमहि त्याच तारतम्याचा द्योतक आहे. भेद मात्र दोन ठिकाणीं महत्त्वाचा आहे. आमच्याकडे प्रकट पातकास परिषदेची अनुज्ञा लागे, आणि रहस्यप्रायश्चित्तांत पातकी आपल्या मनाशींच व्रत आचरी. आयरिश पद्धति या दोहोंच्या मधली असून तींत ऐकणारा एकच, पण ऐकणारा अवश्य. शिवाय आमच्या कर्मविपाकग्रंथांत रोग हें पूर्वपापाचें फळ मानिलें आहे. तेथें पाप हाच रोग, व व्रत हें पथ्य.

ही सौम्यता सर्वांस रुचली नाहीं. इ. स. ८१३ मध्यें शालों येथील धर्मसभेनें, ज्यांतील चुका निश्चित पण कर्ते अनिश्चित, अशीं हीं पुस्तकें टाकून द्यावीं असें ठरविलें. इ. स. ८२९ च्या पॅरिस सभेनें तर बिशपांनीं तीं शोधून जाळावीं अशी आज्ञा केली. तरी पुस्तकें उरलीं, कारण तीं गांवोगांवच्या धर्मगुरूंच्या नित्य उपयोगाचीं होतीं. पुढें अकराव्या शतकाच्या आरंभीं वॉर्म्सचा बिशप बुर्खार्ड यानें आपल्या वीस भागांच्या नियमसंग्रहांत एकोणिसावा भाग याच विषयास दिला व त्यास ‘सुधारक’ अथवा ‘वैद्य’ असें नांव ठेविलें. इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन सभेनें प्रत्येक जाणत्या स्त्रीपुरुषानें वर्षांतून एकदां पापोच्चार करावा असा नियम केला. ऐकणाऱ्यानें कुशल वैद्याप्रमाणें सारासार पाहून उपचार करावा, आणि ऐकलेलें फोडणाऱ्यास पदावरून काढून जन्मभर कडक मठांत ठेवावें, हेंहि त्याच नियमांत आहे. जाळावयास निघालेल्या पुस्तिकांची भाषा येथें सर्व धर्मसंघाची भाषा झाली.

या साधनांचा उपयोग करणाऱ्यानें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक, पातकांची यादी म्हणजे खानेसुमारी नव्हे. एक पुस्तक दुसऱ्यावरून उतरे, म्हणून एखादें पातक दहा प्रतींत आढळलें तरी तें दहा गांवीं घडत होतें असें सिद्ध होत नाहीं. कर्तृत्वाचा घोळहि मोठा. कमियनच्या नांवावर दीर्घकाळ दुसराच संग्रह चालत होता. त्याचा खरा पाठ व्हॅटिकनमधील एका नवव्या शतकाच्या हस्तलिखितावरून इ. स. १९०२ मध्यें प्रसिद्ध झाला. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या सर्व पुस्तकांत बोलतो तो वैद्य. रोग्याचा शब्द कोठेंच नाहीं. ज्या स्त्रीस भ्रष्ट केलें तिचें पुढें काय झालें, तिच्या दुःखास औषध कोणतें, हें कमियन सांगत नाहीं. पाप बरें करणारें शास्त्र पीडिताकडे पाहतेंच असें नाहीं, आणि या बाबतींत आमच्या निबंधकारांचा पक्षहि फारसा वेगळा ठरणार नाहीं.

आमच्याकडे नीलकंठभट्टाच्या प्रायश्चित्तमयूखासारख्या थोर ग्रंथांच्या प्रती लोक जपतात, पण उपाध्यायांच्या दप्तरांतील प्रायश्चित्तप्रयोगाचीं सुटीं पानें, विषय अश्लाघ्य म्हणून अथवा कर्ता अज्ञात म्हणून, बाजूस टाकलीं जातात. शालोंच्या सभेनेंहि कर्त्यांच्या अनिश्चिततेचेंच कारण पुढें केलें होतें. अशा पानांवर नेमलेलें व्रत, दिलेली सूट व घेतलेला प्रत्याम्नाय यांची नोंद सांपडण्याचा संभव असतो, आणि शास्त्र कसें चाललें हें तिजवरूनच कळतें. संग्राहकांनीं तीं यादींत घ्यावीं, पानांचे आंकडे द्यावे व कोणत्या घरचीं तें लिहून ठेवावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.