नदीखोऱ्याचा प्रबंध आणि काळीकाठ

पुरातत्त्वात पीएच.डी. म्हटले की उत्खननाचे खड्डे डोळ्यांसमोर येतात. आपल्याकडे मात्र हा विषय विद्यापीठात रुजला तो बराचसा नदीकाठच्या पायपिटीवर. लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेले हसमुख सांकलिया १९३९ साली पुन्हा सुरू झालेल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले, आणि पुढे तिथल्या कितीतरी विद्यार्थ्यांचा प्रबंध म्हणजे एखाद्या नदीचे खोरे, असे समीकरणच झाले. त्यातला रा. वि. जोशींचा मलप्रभा खोऱ्याचा अभ्यास १९५५ साली डेक्कन कॉलेज आणि धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने पुस्तकरूपाने काढला. या कामाला मोठा फौजफाटा लागत नसे. नदीची दरड खरवडून साफ करायची, दगडगोट्यांचा थर किती जाड आणि त्यावर गाळ किती हे मापायचे, आणि हातकुऱ्हाड सापडली की आधी तिच्या कडा पाहायच्या. कडा धारदार असतील तर हत्यार जवळपासचेच. बोथट झाल्या असतील तर ते पाण्याबरोबर लांबून घरंगळत आलेले. एवढ्याशा निरीक्षणावर माणूस कुठे राहत होता याचा निष्कर्ष उभा राहतो. मला ही शिस्त उत्खननाइतकीच मोलाची वाटते.

मलप्रभा उगम पावते खानापूर तालुक्यात कणकुंबीला. तिथून दक्षिणेला पाणलोटाची धार ओलांडली की जोयडा तालुका लागतो, काळी नदीचा मुलूख. तिथे या पद्धतीची खरी परीक्षा आहे. दाट रान, धो धो पाऊस, जांभ्याची जमीन. उघड्या दरडी कमी. त्यात सूपा धरण झाले. १०१ मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे जुने सूपा गाव आणि आसपासची वस्ती बुडाली, तालुक्याचे ठाणे जोयड्याला गेले आणि विस्थापितांसाठी बेळगाव-गोवा रस्त्यावर रामनगर वसले. माझे म्हणणे असे की काळीच्या खोऱ्यावर प्रबंध लिहायचा तर त्याचे पहिले प्रकरण नदीकाठी नव्हे, रामनगरात सुरू झाले पाहिजे. कुठल्या शेतात नांगराला खापरे लागत, देवराई कुठे होती, वीरगळ कुठल्या बांधाला टेकवलेला होता, घाटाकडे जाणारी बैलांची वाट कुठून निघे, हे सांगू शकणारी माणसे आधी तिथे शोधायला हवीत.

यावर पहिला आक्षेप येईल की आठवण म्हणजे पुरावा नव्हे. मान्य. पण ती पुराव्याचा पत्ता देते, आणि पत्त्याशिवाय या रानात शोध घेणे फार कठीण. जोयड्याला लागूनच असलेल्या गोव्याच्या सांगे तालुक्यात कुशावतीकाठच्या उसगाळीमळची जांभ्यावर कोरलेली चित्रे अभ्यासकांपुढे आली १९९३ साली. गावकऱ्यांना ती जागा आधीपासून ठाऊक होती. याच उदाहरणाने दुसऱ्या आक्षेपालाही उत्तर मिळते. सह्याद्रीच्या दाट रानात प्राचीन माणूस फिरकलाच नसेल, असे गृहीत धरायला आधार नाही. ऐतिहासिक काळात तर हा टापू आडबाजूलाही नव्हता. खानापूर तालुक्यातलेच हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका, आणि तिथले ताम्रपट पाचव्या शतकापर्यंत मागे जातात. घाटमाथ्यावर राजसत्ता आणि खाली समुद्र असताना मधल्या खोऱ्यातून माल आणि माणसे गेलीच नाहीत, हे पटणे कठीण.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: जागा पाण्याखाली असेल तर पत्ता घेऊन करायचे काय? पण जलाशयाची पातळी बारमाही सारखी राहत नाही. उजनीचे पाणी उतरले की इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे मंदिर उघडे पडते, हे महाराष्ट्राने अनेकदा पाहिले आहे. काळीच्या जलाशयाचा कडेचा पट्टाही उन्हाळ्यात तपासता येईल. लाटांनी माती धुऊन नेलेली असते, त्यामुळे खापरे आणि दगडी हत्यारे वर दिसू शकतात. मात्र ती मूळ जागेवरून हललेली असण्याची शक्यता धरून प्रत्येक नोंद जपून वाचावी लागेल, आणि तिथे हातकुऱ्हाडीच्या कडा पाहण्याची जुनी सवय पुन्हा उपयोगी पडेल. खोल पाण्यातल्या जागांचे निदान स्थान तरी जुन्या मोजणी नकाशांवर सांगणाऱ्याच्या शेजारी बसून निश्चित करता येते. धरण १९८७च्या सुमारास पुरे झाले. गाव सोडताना जी माणसे कर्ती होती, ती आज सत्तरीच्या पुढे आहेत. प्रबंधाच्या नोंदणीला, मार्गदर्शक मिळायला, आराखडा मंजूर व्हायला दोन वर्षे सहज जातात. मुलाखतींचे काम त्या मंजुरीची वाट न पाहता आधी सुरू करावे लागेल.