पांडवलेणी आणि आपली वही

आम्ही दिव्याच्या बचत गटातल्या बायका. मागे गटाची सहल नाशिकला गेली, तेव्हा पांडवलेणी पाहिली. पायऱ्या चढताना एक ताई म्हणाल्या, "पांडवांनी कोरली म्हणे ही." आम्हीही लहानपणापासून हेच ऐकत आलो होतो.

खरं तर ही लेणी बौद्ध भिक्षूंसाठी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला घेतली. भिंतींवर तसं लिहिलेलंही आहे. पण ती ब्राह्मी लिपी लोक विसरले. अक्षर वाचता येईना, मग एवढं अचाट काम पांडवांशिवाय कोण करणार, असं वाटणं साहजिकच. १८३७च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा केला, आणि पुढे इथले लेखही वाचता आले.

अशी चूक शिकलेल्यांचीही होते. पाचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या कलाकारांना ग्रीक-रोमन पुतळे जमिनीत सापडले. रंग उडून ते पांढरे झाले होते. जुन्या लोकांना पांढरा दगडच आवडायचा असं समजून त्यांनी आपलेही पुतळे पांढरे ठेवले. मुळात ते पुतळे रंगवलेले असायचे!

आता नाशिकचे लेख काय सांगतात? एक लेणं राणी गौतमी बलश्रीने दान दिलं. दुसऱ्या लेण्यात दक्षमित्रेने एक खोली दिली. लेखात त्या खोलीला 'ओवरक' म्हटलंय, म्हणजे आपली ओवरीच की! तिचा नवरा उषवदात याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण नाणी ठेवली. २००० वर दरमहा शेकडा एक, १००० वर शेकडा पाऊण व्याज. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च भागवायचा. हिशेब ऐकून आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. हा तर आपलाच व्यवहार!

दक्षमित्रेच्या लेखात आधी बापाचं नाव येतं, मग नवऱ्याचं. पण शेवटी तिचं स्वतःचंही आहे. म्हणून आज ती आपल्याला माहीत आहे.

घरी आल्यावर आम्ही गटाची पहिली वही काढली. कितीतरी ओळींत नुसतं 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' आणि पुढे अंगठा. पैसे त्यांनीच पोटाला चिमटा काढून भरलेले, नाव मात्र नाही. त्यातल्या दोघी आता हयात नाहीत. त्यांची नावं आठवायला आम्हाला शेजारी विचारत फिरावं लागलं.

आता आमच्या वहीत प्रत्येकीचं नाव पूर्ण लिहितो. तुमच्या वहीत काय लिहिलंय, येत्या बैठकीत जरूर बघा.