कोनीय ग्राइंडर

धातू, दगड, फरशी व काँक्रीट घासणे, कापणे आणि गुळगुळीत करणे या कामांसाठी वापरण्यात येणारे, हातात धरून चालवावयाचे विद्युत् यंत्र. कारागीर त्यास नुसते ‘ग्राइंडर’ किंवा ‘कटर’ म्हणतात. यातील मोटरीचा आस व चकतीचा आस परस्परांशी काटकोन करतात. शंक्वाकार दंतचक्रांच्या जोडीने मोटरीची गती काटकोनात वळवून चकतीस दिली जाते, म्हणून त्यास कोनीय हे विशेषण लागले. चकतीतील कठीण कण म्हणजे अपघर्षक व त्यांना एकत्र धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे बंधक होय. [→ अपघर्षक]. या यंत्राचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्यापासून होणाऱ्या इजांचा व त्या टाळण्यासाठी शोधलेल्या उपायांचाही इतिहास आहे.

घासून धार लावण्याची कला प्राचीन आहे. भारतात कुरुंदाची पूड लाखेत मिसळून तिची चाके बनवीत आणि त्यांवर रत्ने व शस्त्रे घासत. इंग्रजीतील ‘कॉरंडम’ हा शब्दही भारतीय भाषांतूनच तिकडे गेला. महाराष्ट्रात शस्त्रांना धार व झिलई देणारे शिकलगार प्रसिद्ध होते. भीमेकाठच्या गावांत नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड पाजवून देणे हे बलुतेदार लोहाराचे काम असे. भाता, ऐरण, घण आणि कानस ही त्याची साधने होती. या कामाची गती मनुष्यबळाने मर्यादित असल्याने कानस निसटली तरी बोट खरचटण्यापलीकडे सहसा काही होत नसे.

यंत्रशक्ती आल्यावर हे प्रमाण पालटले. इंग्लंडमधील शेफील्ड येथे चाकू, कात्र्या व काटे वालुकाश्माच्या मोठ्या चाकांवर घासले जात. चाक फुटून कामगार दगावत. त्याहून भयंकर म्हणजे दगडाची धूळ फुप्फुसांत साचून होणारा रोग. कोरडे घासकाम करणारे कामगार ऐन तारुण्यात मरत. कॅल्व्हर्ट हॉलंड या वैद्याने १८४३ मध्ये या रोगाचे विस्तृत वर्णन केले. धुळीतील मुक्त सिलिका हे त्याचे कारण असून आज या रोगास सिलिकोसिस म्हणतात.

अमेरिकेतील एडवर्ड ॲचिसन यांना १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड (कार्बोरंडम) मिळाले. पुढे ॲल्युमिनियम ऑक्साइडही कृत्रिम रीतीने तयार होऊ लागले. त्यामुळे घासकामात वालुकाश्माचे महत्त्व ओसरले व चाकापासून निघणारी घातक धूळ पुष्कळ घटली. मातीसारख्या बंधकात भाजलेली चाके टणक पण ठिसूळ असतात. म्हणून ती बसविण्यापूर्वी लाकडी मुठीने हलकेच वाजवून पाहण्याची रीत पडली. कुंभाराकडून घागर घेताना ती वाजवून घ्यावी, तशीच ही परीक्षा होय. स्वच्छ नाद आला तर चाक निर्दोष, बद्द आवाज आला तर तडा. विसाव्या शतकात रेझीन हा बंधक आणि त्याच्या पोटात काचतंतूंची जाळी वापरण्यात येऊ लागली. त्यामुळे चकती पातळ असूनही अधिक वेग सोसू लागली. रेझीनच्या चकत्यांना मात्र नादाची परीक्षा तितकीशी लागू पडत नाही. त्या डोळ्यांनीच नीट तपासाव्या लागतात.

जर्मनीत ॲकरमान व श्मिट यांनी १९२२ मध्ये सुरू केलेल्या कंपनीने प्रथम नम्य दांड्याने फिरणारे हातयंत्र बनविले आणि १९५४ मध्ये अतिवेगी कोनीय ग्राइंडर बाजारात आणला. कंपनीच्या ‘फ्लेक्स’ या नावावरून जर्मन भाषेत या कामासाठी क्रियापदच रूढ झाले. भारतात अपघर्षक चाकांचा एक जुना कारखाना उरणजवळील मोरा येथे १९४१ मध्ये स्थापन झाला. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ येथे १९७६ पासून विद्युत् हातयंत्रांचा उद्योग उभा राहिला.

स्थिर चाकासाठी नियम लवकर झाले. भारताच्या १९४८ च्या कारखाना अधिनियमात प्रत्येक घासयंत्राजवळ चाकाच्या कडेचा कमाल सुरक्षित वेग दर्शविणारा फलक लावण्याची (कलम ३०) आणि डोळ्यांच्या रक्षणाची (कलम ३५) तरतूद होती. तथापि विजेचा वापर असल्यास किमान दहा कामगार असलेल्या जागेसच कारखाना मानले जाई. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही संख्या वीसवर नेली. दोनतीन माणसांची दुकाने कारखान्याच्या या व्याख्येबाहेर राहतात, आणि हातातला ग्राइंडर बहुधा अशाच दुकानांत चालतो.

उजनी परिसर हे याचे ठळक उदाहरण होय. भीमेवर माढा तालुक्यातील उजनी गावाजवळ १९६९ मध्ये सुरू झालेले धरणाचे काम १९८० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११७ अब्ज घनफूट साठवणक्षमतेच्या यशवंतसागर जलाशयाने करमाळा तालुक्यातील केत्तूर, कुगाव यांसारख्या गावांची जमीन घेतली व उरलेल्या शेतीला पाणी दिले. ऊस वाढला, साखर कारखाने निघाले, टेंभुर्णी येथे औद्योगिक क्षेत्र झाले. त्याबरोबर ट्रॉल्या, नांगर, लोखंडी दरवाजे आणि पाइप यांचे जोडकाम करणारी छोटी दुकाने रस्त्यांवर दिसू लागली. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले, की शेतकऱ्यांना पंप व पाइप त्याच्या मागे न्यावे लागतात. पाइप कापणे व जोडाचा उंचवटा घासणे हे काम मग ओल्या काठावरच होते. अशा प्रकारे लोहाराच्या कानसेची जागा ग्राइंडरने घेतली, परंतु कारखान्यातील फलक, पर्यवेक्षक व नियम त्याच्याबरोबर आले नाहीत. ते कारागिराने स्वतःच पाळावयाचे राहिले.

यांतील पहिला नियम वेगाचा. १०० मिमी. व्यासाची चकती मिनिटास ११,००० फेरे घेते, तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी २०० किमी.हून अधिक असतो. प्रबलित रेझीन चकतीची कमाल मर्यादा सामान्यतः सेकंदास ८० मी. असते. १८० मिमी. व्यासाच्या चकतीसाठी ती मिनिटास सुमारे ८,५०० फेरे इतकी होते. हीच मोठी चकती गार्ड काढून लहान यंत्रावर बसविल्यास तिच्या कडेचा वेग सेकंदास सुमारे १०४ मी. होतो. चकतीतील ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो मर्यादेच्या सुमारे १.७ पट होतो आणि चकती फुटू शकते. यास्तव चकतीवर छापलेले फेरे यंत्राच्या फेऱ्यांहून कमी असता कामा नयेत. गार्ड काढू नये व तो कारागीर आणि चकती यांच्या मध्ये राहील असा फिरवून घ्यावा. लाकूड कापण्याचे दातेरी पाते या यंत्रावर लावणे विशेष घातक होय. ते अडकले, की यंत्र उसळून अंगावर येते.

दुसरा नियम चकतीच्या निवडीचा. कापण्याची पातळ चकती आडवी दाबून घासण्यासाठी वापरू नये, कारण बाजूचा दाब तिला सोसत नाही. घासण्याची जाड चकती कामाशी सुमारे १५ ते ३० अंशांचा कोन करून धरावी. गंज वा रंग काढून पृष्ठ गुळगुळीत करण्यासाठी वाळूकागदाच्या पाकळ्यांची फ्लॅप चकती अथवा रबरी गादीवरील वाळूकागद वापरावा आणि तो कमी कोनात, हलक्या दाबाने सतत फिरता ठेवावा. ओलाव्याने रेझीन बंधक दुर्बल होतो. म्हणून जलाशयाकाठी व पावसाळ्यात चकत्या कोरड्या जागी ठेवाव्यात. मधल्या धातूच्या कडीवरील मुदत उलटलेली किंवा खाली पडून आदळलेली चकती टाकून द्यावी. नवी चकती बसविल्यावर ती माणसांपासून दूर धरून काही काळ मोकळी फिरवून पाहावी.

तिसरा नियम विजेचा. भूयोजन व ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच यांशिवाय ओल्या काठावर हे यंत्र चालवू नये. ग्रामीण भागात वीज अवचित जाते. सरकते बटण चालूच राहिले, तर वीज परतताच जमिनीवर ठेवलेले यंत्र आपोआप फिरू लागते. म्हणून वीज जाताच बटण बंद करावे आणि चकती बदलताना प्लग काढावा. बटण बंद केल्यावरही चकती काही सेकंद फिरत राहते. ती थांबल्याखेरीज यंत्र खाली ठेवू नये.

चौथा नियम शरीराचा. यंत्र दोन्ही हातांनी, बाजूची मूठ लावूनच धरावे. डोळ्यांना बंदिस्त चष्मा व त्यावर मुखढाल असावी. उन्हाचा चष्मा त्याची जागा घेऊ शकत नाही. उपरणे, पदर किंवा सैल बाही चकतीत ओढली जाते. आवाज ९० डेसिबेलहून अधिक असल्याने कानांचे रक्षण आवश्यक ठरते. काँक्रीट वा ग्रॅनाइट घासताना सिलिकायुक्त धूळ उडते. म्हणजे शेफील्डचा जुना रोग येथेही संभवतो. अशा वेळी योग्य प्रतीचा धूळरोधक मुखवटा वापरावा. तोंडावर बांधलेला रुमाल पुरेसा नाही. ठिणग्या उसाच्या पाचटापासून व डिझेलपासून दूर पडतील अशी दिशा धरावी. इंधनाचे रिकामे वाटणारे बंद पिंप कापल्यास आतील वाफेचा स्फोट होऊ शकतो.

गार्ड, मूठ, छापील वेग व मुदतीची कडी यांतील प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी दुखापतीनंतर यंत्रावर आली आहे. काम उरकण्याच्या घाईत ती काढून ठेवणे म्हणजे जुने अपघात पुन्हा ओढवून घेणे होय. नवशिक्या कारागिरास यंत्र हाती देताना हे नियम सांगण्याची जबाबदारी उस्तादावर असते. छोट्या दुकानात फलक व पर्यवेक्षक या दोहोंचे काम त्यालाच करावे लागते.