देवळालीचा ‘ताप’ आणि परिचारिकेचे रुग्णावलोकन

नाशिकजवळील देवळालीने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे. गोऱ्या शिपायांच्या बोलीतील ‘डूलॅली टॅप’ या प्रयोगाचा पूर्वार्ध हे त्या गावाचे नाव, तर उत्तरार्ध म्हणजे आपला ‘ताप’ होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नोकरीची मुदत संपलेले सैनिक तेथील छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत. बोटी ठराविक हंगामातच सुटत, म्हणून कित्येकांना महिनोन्महिने रिकामे बसावे लागे. अशा स्थितीत ज्याचे चित्त ढळे, त्याला सोबती ‘टॅप’ झाला असे म्हणत. पुढे ‘टॅप’ गळाला व ‘डूलॅली’ म्हणजे वेडसर एवढाच अर्थ उरला. याचे खापर पुष्कळदा उकाड्यावर फोडले जाते. परंतु देवळाली हे हवा पालटण्यासाठी प्रसिद्ध असलेले ठिकाण, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

हा निर्णय बराकीतला होता, रुग्णालयातला नव्हे. हिवताप, विषमज्वर, मद्याचे व्यसन एकाएकी तुटणे, मेंदूपर्यंत पोहोचलेला उपदंश, या सर्वांत रुग्ण भ्रमिष्ट होऊ शकतो. एकाच नावाखाली हे चारही विकार झाकले जात आणि ज्याला वेळीच उपचार मिळावयाचा तो थट्टेचा विषय होई.

हे विकार वेगळे ओळखण्याची साधने त्या काळी हळूहळू हाती येत होती. ऑलबट यांनी १८६६-६७ च्या सुमारास आखूड तापमापक प्रचारात आणला. वुंडरलिख यांचा ज्वरमापनावरील ग्रंथ १८६८ सालचा. पण साधन वापरणारे माणूस कोण? हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेची शुश्रूषा मुख्यतः अशिक्षित सेवक व शिपाईच करीत. कॅथरिन लॉख यांच्यासह शिक्षित परिचारिकांची पहिली तुकडी मुंबईस उतरली ती १८८८ साली.

विषमज्वराचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. १९४८ पूर्वी, क्लोरँफेनिकॉल येईपर्यंत, या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. रुग्णाचे प्राण शुश्रूषेवर अवलंबून असत. ताप चढलेला, पण नाडी त्या मानाने मंद, हे त्याचे परिचित लक्षण. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ताप एकाएकी उतरला, तर घरचे माणूस सुटकेचा निःश्वास टाकील. त्याच वेळी नाडी मात्र चढत असेल, तर आतड्यात रक्तस्राव झाल्याची शंका परिचारिकेने घ्यावयाची असते. तापाची रेषा खाली येताना नाडीची रेषा वर जाऊन तिला छेदते, हे चित्र दिसताच डॉक्टरला बोलावण्यास विलंब चालत नाही. केवळ आकडा टिपणे व त्याचा अर्थ लावणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात रुग्णावलोकनास स्वतंत्र प्रकरण दिले. ‘रात्र बरी गेली का?’ असे विचारण्यापेक्षा रुग्ण किती तास व केव्हा झोपला हे विचारावे, असा त्यांचा आग्रह होता. शिवाय रुग्णाला उतार पडला की नाही याविषयी मत देण्याची पात्रता त्यांनी नित्य उपचार करणाऱ्या डॉक्टरखेरीज खऱ्या अवलोकनशील परिचारिकेलाही दिली आहे. हा भाग पुष्कळांच्या नजरेतून निसटतो.

पहिल्या महायुद्धात देवळालीस चौतिसावे वेल्श जनरल हॉस्पिटल होते व तेथे ऑस्ट्रेलियन परिचारिकांनीही काम केले. १९९८ साली नाशिक येथेच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्याशी संलग्न असलेल्या परिचर्या महाविद्यालयांत रुग्णाची पाहणी ही शुश्रूषाप्रक्रियेची पहिली पायरी म्हणून शिकविली जाते.